कौलाचा दर आणि छपराचा खर्च

वाचकांचे प्रश्न

कौलारू छपरांविषयी आलेल्या पत्रांत एक गोष्ट सारखी आढळते. जवळपास प्रत्येकाने एका कौलाचा दर कळवला आहे. पण छपराचा उतार किती, पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) किती आणि कौलांखाली काय घालायचे ठरले आहे, हे फारच थोड्यांनी लिहिले आहे. खर्चाचा बराचसा उलगडा नेमका तिथे होतो. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून पुढील उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : नव्या घरावर मातीच्या कौलांचे छप्पर करायचे आहे. दोन कंत्राटदारांकडून दरपत्रके घेतली. कौल एकच, आराखडाही एकच, तरी दुसऱ्याची रक्कम पहिल्याच्या जवळजवळ दीडपट आहे. पहिल्याने घराच्या जमिनीवरील मापाला एकच दर लावला आहे. दुसऱ्याच्या कागदावर दोन पाने भरून बाबी आहेत. दुसरा आम्हाला फसवत तर नाही ना?

उत्तर : दोन पाने भरून बाबी लिहिणारा माणूस महाग असू शकतो, पण तो काय करणार आहे हे निदान आपल्याला वाचता येते. पहिल्याचा हिशेब मुळातच चुकलेला आहे. छप्पर उतरते असल्यामुळे कौले जमिनीवरील मापाप्रमाणे लागत नाहीत, पाख्यांच्या मापाप्रमाणे लागतात. वळचणीसकट १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद अशा छपराचे जमिनीवरील माप ९६ चौरस मीटर भरते. त्याच छपराला ३० अंशांचा उतार दिला तर पाख्यांचे क्षेत्र सुमारे १११ चौरस मीटर होते, आणि ४५ अंशांचा दिला तर सुमारे १३६. या फरकाची कौले, रिपा (कौले अडकवण्याच्या आडव्या लाकडी पट्ट्या), खिळे आणि मजुरी पहिल्याने एक तर धरलेलीच नाही, किंवा काम अर्ध्यावर आले की तो ती ‘जादा काम’ म्हणून मागणार आहे.

याहून मोठा फरक छपराच्या आकारामुळे पडतो, आणि तो क्षेत्रफळात दिसतच नाही. वरच्याच मापाचे एक दुपाखी आणि एक चौपाखी छप्पर घेतले आणि दोन्हींचे सर्व उतार सारखे ठेवले, तर दोन्हींचे क्षेत्र अगदी तेवढेच येते. दुपाखी छपरात १२ मीटरांचे आढे (माथ्याची आडवी कड) आणि, ३० अंशांच्या उताराला, दोन्ही टोकांच्या मिळून सुमारे साडेअठरा मीटरांच्या तिरप्या कडा एवढेच जोखमीचे काम असते; बाकीची कौले अखंड बसत जातात. चौपाखी छपरात आढे ४ मीटरांवर येते, पण चार कोनवासे (दोन पाखी बाहेरच्या कोनात मिळतात तिथले तिरपे वासे) निघतात, प्रत्येकी सहा मीटरांहून किंचित लांब. प्रत्येक कोनवाशाच्या दोन्ही अंगांना कौल तिरके कापावे लागते, म्हणजे एकूण सुमारे ४९ मीटर कापणी झाली. कापलेल्या तुकड्याला पुष्कळदा मागची खुंटी राहत नाही, त्यामुळे तो रिपेला अडकत नाही. त्याला भोक पाडून तारेने किंवा स्क्रूने बांधावे लागते, आणि वरून कोनवाशाची कौले बसवून सांधा झाकावा लागतो. कुशल कारागिराचे हात याच ठिकाणी गुंतून पडतात. सरळ पाख्यावर कामाला जो वेग असतो तो येथे राहत नाही, आणि राहिला तर मालकाने काळजी करावी.

दोन पाखी आत मिळून जी घळ होते तिचा खर्च तर आणखी वेगळा आहे. दोन्ही पाख्यांचे पाणी तिथे एकवटते. त्यामुळे कौलांखाली तांबे, जस्त किंवा शिसे यांचा पुरेसा रुंद पत्रा, दोन्ही कडा वर वळवून, आधी घालावा लागतो. हा पत्रा कौलांखाली दडतो, म्हणूनच स्वस्त दरपत्रकात तो पातळ होतो किंवा त्याची जात लिहिलेली नसते. भिंतीला किंवा धुराड्याला छप्पर भिडते तिथलेही तसेच. परांची, कौले वर चढवण्याची मजुरी, खालचे आवरण, पन्हळी आणि राडारोडा उचलणे या बाबी दुसऱ्याच्या कागदावर असतील तर त्या भरताड नव्हेत.

पहिल्या कंत्राटदाराकडून बाबवार दरपत्रक मागून घ्यावे. पाख्यांचे काम चौरस मीटरवर. आढे, कोनवासे, घळी आणि कडा मीटरवर. नासधुसीसाठी साध्या दुपाखी छपरावर सुमारे ५ टक्के आणि पुष्कळ कोन असलेल्या छपरावर १० ते १५ टक्के कौले जास्त धरणे रास्त आहे. एवढे झाल्यावर दोन्ही रकमांत किती अंतर उरते ते पाहावे. ते बहुधा बरेच कमी झालेले असेल.

प्रश्न : एकमेकांत अडकणारी मोठी कौले आणि लहान सपाट कौले यांपैकी सपाट कौले आम्हाला अधिक आवडतात. दर कौलामागे पाहता ती स्वस्तही वाटतात. ती घ्यावीत का?

उत्तर : दर कौलामागे पाहू नये. मंगलोरी जातीची खाचेची कौले चौरस मीटरला साधारण १५ लागतात. इंग्लिश पद्धतीची २६५ बाय १६५ मिलिमीटरची सपाट कौले रिपांत १०० मिलिमीटर अंतर ठेवून लावली तर चौरस मीटरला ६० लागतात, कारण त्यांना बाजूला खाच नसते आणि पाणी अडवण्यासाठी छपरावर जागोजाग निदान दोन थर ठेवावे लागतात. म्हणजे मघाच्या १११ चौरस मीटरांवर एकीकडे सुमारे १,६६५ कौले आणि दुसरीकडे ६,६६०. प्रत्येक कौल वर जायचे, हातात घेऊन पाहायचे, ओळीत बसवायचे; रिपाही तिपटीहून अधिक लागतात. उतारही निदान ३५ अंशांचा हवा, त्यामुळे क्षेत्र आणखी वाढते.

खाचेचे कौल निघाले ते हा खर्च वाचवण्यासाठीच. फ्रान्समधील आल्टकिर्श येथील गिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये अशा कौलाचे पेटंट घेतले, आणि बाझल मिशन या स्विस ख्रिस्ती मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यावर तेथील कौल समुद्रमार्गे दूरदूर गेले. एका कौलाची खाच शेजारच्या कौलाच्या कण्यावर बसते, म्हणून एकच थर पुरतो. सपाट कौलाच्या छपराला जो बारीक, किंचित लहरता पोत येतो तो मात्र खाचेच्या कौलाला येत नाही, हेही खरे. तो हवा असेल तर अवश्य घ्यावा, परंतु मजुरीचा आकडा आधी डोळ्यांखालून घालावा.

प्रश्न : कौले विकत घेताना कशी पारखावीत? सगळ्यांचा रंग एकसारखा असणे ही चांगल्या भाजणीची खूण मानावी का?

उत्तर : नाही. भट्टीत आच सर्वत्र सारखी लागत नाही आणि मातीही प्रत्येक खेपेला थोडी बदलते, म्हणून रंगात थोडा फरक असणे साहजिक आहे. अगदी फिकट आणि नखाने भुकटी सुटणारे कौल कच्चे समजावे, आणि काळपट होऊन वाकलेले कौल जास्त भाजलेले. रंगातील फरक छपरावर पट्ट्यांच्या रूपाने दिसू नये म्हणून कारागिराने तीन-चार ढिगांतून कौले मिसळून घ्यायची असतात. एक ढीग संपवून दुसरा फोडला की पाख्यावर दोन रंगांचे ठिगळ उमटते.

पारख कानाने करावी. कौल एका कोपऱ्याला दोन बोटांत सैल धरावे आणि बोटाच्या पेराने किंवा दुसऱ्या कौलाच्या कडेने ठोकावे. चांगल्या कौलाचा आवाज खणखणीत येतो. डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर तो बद्द येतो. त्यानंतर पाच-सहा कौले सपाट फरशीवर पालथी ठेवून ती डुगडुगतात का ते पाहावे. वाकडे कौल शेजाऱ्यावर नीट बसत नाही आणि त्या फटीतून वाऱ्याबरोबर पाणी शिरते.

पाणी किती पिते हेही घरी पाहता येते. पूर्ण कोरडे कौल तोलून २४ तास पाण्यात ठेवावे, बाहेर काढून पुसावे आणि पुन्हा तोलावे. वाढलेल्या वजनाची कोरड्या वजनाशी टक्केवारी काढली म्हणजे दोन कारखान्यांच्या मालाची तुलना करता येते. जेथे कडाक्याच्या थंडीत पाणी गोठते तेथे ही बाब फार महत्त्वाची आहे, कारण कौलाच्या छिद्रांतले पाणी गोठून फुगते आणि पापुद्रे सुटतात. अशा ठिकाणी घरगुती चाचणीवर न थांबता गोठण-वितळण चाचणीचा दाखला मागावा.

मातीची तयारी हा कौलाच्या किमतीतील न दिसणारा भाग आहे. इंग्लंडमध्ये १४७७ साली यासाठी चक्क कायदा करावा लागला होता. माती १ नोव्हेंबरच्या आत खणावी, १ फेब्रुवारीच्या आत ढवळून उलथावी आणि १ मार्चच्या आधी तिचे कौल पाडू नये, असे त्यात ठरवले होते. कौलाची लांबी, रुंदी आणि किमान जाडीही त्यात दिली होती. घाईने मळलेल्या मातीत खडे आणि चुन्याचे कण राहतात. भाजल्यावर त्या कणांना ओल लागली की ते फुगतात आणि कौलाला खपली पडते. आज यंत्रे आहेत, तरी माती गाळणे, मळणे आणि कच्चे कौल सावलीत सावकाश वाळवणे यांत जो काटकसर करतो त्याचा माल स्वस्तच असणार.

प्रश्न : कौले येण्यास अवकाश आहे. तोपर्यंत वेळ वाया जाऊ नये म्हणून सुतार रिपा ठोकून ठेवतो म्हणतो. ठोकू द्याव्यात का?

उत्तर : मुळीच नाही. कारखान्याच्या पत्रकावर लांबी छापलेली असली तरी भाजताना कौल आकसते आणि प्रत्येक खेपेचे माप थोडे निराळे येते. रिपांमधील अंतर प्रत्यक्ष आलेल्या मालावरून काढायचे असते. त्याची रीत सोपी आहे. बारा कौले सपाट जागेवर एकाखाली एक, खाचेत खाच अडकवून पालथी मांडावीत. ती ओढून शक्य तितकी ताणावीत आणि पहिल्या कौलाच्या खुंटीपासून अकराव्या कौलाच्या खुंटीपर्यंत माप घ्यावे. मग तीच दाबून शक्य तितकी जवळ आणावीत आणि पुन्हा माप घ्यावे. दोन्ही मापांची सरासरी काढून तिला दहाने भागले की रिपांमधील अंतर मिळते. दोन टोकांच्या मधोमध राहिल्यामुळे थोडी लहानमोठी कौलेही त्यात सामावतात.

त्यानंतर वळचणीची पहिली रीप आणि आढ्याजवळची शेवटची रीप आधी ठरवावी, आणि मधले अंतर सारख्या भागांत पाडावे. खालून मोजत वर गेले आणि शेवटी अर्धे कौल उरले, तर आढ्याखाली कापलेल्या कौलांची ओळ येते. ती गळतेही लवकर आणि दिसतेही वाईट. वळचणीची रीप इतर रिपांपेक्षा कौलाच्या जाडीइतकी उंच हवी. बाकीची कौले खालच्या कौलावर टेकतात, पहिल्या ओळीला मात्र खाली टेकायला कौलच नसते. ती उंची दिली नाही तर ती ओळ पुढे झुकते आणि दुसऱ्या ओळीशी फट पडते. चांगला सुतार या एका रिपेवर जेवढा वेळ घालवतो तेवढ्यात दुसरा अर्धे पाखे ठोकून मोकळा होतो.

प्रश्न : आढ्याची कौले सिमेंटमध्ये बसवली आहेत. तिथे दर वर्षी भेगा पडतात आणि आम्ही दर वर्षी वरून सिमेंट भरतो. कायमचा उपाय काय?

उत्तर : वरून सिमेंट भरणे थांबवावे. लाकूड ओल धरते आणि सोडते, कौलही तापते आणि निवते, त्यामुळे आढे सतत किंचित हलत असते. सिमेंटचा कडक मसाला ही हालचाल सोसत नाही. केसाएवढ्या भेगेतून पाणी ओढले जाते आणि दाट सिमेंटमुळे ते बाहेर वाळत नाही. खाली आढ्याचे लाकूड कुजत राहते. शिवाय पुढे कधी दुरुस्ती करायची तर सिमेंटबरोबर कौलही फुटते. चुन्याचा मसाला मऊ असतो, थोडी हालचाल पोटात घेतो, ओल बाहेर सोडतो, आणि कौल अखंड ठेवून काढता येतो. तो पक्का व्हायला वेळ लागतो आणि तोवर पाऊस, कडक ऊन व थंडी यांपासून तो जपावा लागतो, म्हणून मजुरी वाढते.

मसाला कोणताही असो, तो आढ्याच्या कौलाच्या दोन्ही कडांखालीच घालायचा असतो. पोटात ठासून भरायचा नसतो. फक्त दोन कौलांच्या सांध्याखाली तो भरीव असावा आणि त्यात कौलांचे तुकडे चेपावेत, म्हणजे मसाला कमी आकसतो. कौलाच्या कडा आधी भिजवून घ्याव्यात, कारण कोरडे कौल मसाल्यातील पाणी शोषून घेते आणि मसाला धरतच नाही. दुसरा मार्ग कोरड्या आढ्याचा: आढ्यावर एक रीप उभी करून कौले तिला स्क्रूने बसवतात आणि खाली हवा खेळू देणारी पट्टी घालतात. सामान महाग पडते, परंतु भेगांचा प्रश्नच उरत नाही. वादळवाऱ्याच्या जागी मसाला वापरला तरी आढ्याचे प्रत्येक कौल धातूने बांधलेले असणे चांगले.

प्रश्न : जुन्या घराची कौले उतरवायची आहेत. कंत्राटदार ती सगळी टाकून नवी घाला म्हणतो. जुनी वापरता येतील का?

उत्तर : पुष्कळदा येतात. छप्पर गळू लागले म्हणजे कौल संपले असे नसते. आधी खिळे गंजतात आणि रिपा कुजतात. कौले हाताने उतरवून, ब्रशने साफ करून, वर सांगितल्याप्रमाणे एकेक ठोकून निवडावीत. शेवाळ काढायला जोराच्या पाण्याचा फवारा मारू नये, त्याने वरचा टणक थर खरवडला जातो. पाणी शिरू नये म्हणून वरून रंग किंवा रोगण चढवण्याचा सल्लाही मानू नये. आत गेलेली ओल आतच कोंडते.

कमी पडतील तेवढी नवी कौले आणावीत, पण नवी-जुनी एकाच पाख्यावर मिसळू नयेत. मापात दोन-चार मिलिमीटरांचा फरक असला तरी खाचा जुळत नाहीत. दर्शनी पाख्यावर जुनी आणि मागच्या पाख्यावर नवी, अशी वाटणी बहुतेक घरांना शोभते. निवडणे, साफ करणे आणि रचून ठेवणे यांची मजुरी नव्या कौलांच्या दराशी ताडून पाहावी. नुसत्या पैशांत कधी ती थोडी जास्तही भरते. माझे मत विचाराल तर जुन्या, दमदार भाजणीच्या कौलासाठी ती द्यावी. रिपा, खिळे आणि घळीचे पत्रे मात्र सगळे नवे घालावेत. खिळे तांब्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असावेत, खाऱ्या हवेत तर आवर्जून. शंभर वर्षे टिकणारे कौल वीस वर्षांत गंजणाऱ्या खिळ्याला टांगण्यात कसली बचत?

प्रश्न : सध्या घरावर धातूचे पत्रे आहेत. ते काढून त्याच सांगाड्यावर कौले घालता येतील का?

उत्तर : स्थापत्य अभियंत्याने तपासल्याशिवाय घालू नयेत. पत्र्याचे वजन चौरस मीटरला पाच-सात किलो असते. खाचेच्या कौलाचे वजन दोन ते तीन किलो धरले तर चौरस मीटरला ३० ते ४५ किलो होतात, आणि सपाट कौलांचे ७० च्या आसपास जातात. भिजलेल्या कौलांचे वजन आणखी वाढते. पत्र्यासाठी उभारलेल्या सांगाड्याचा उतारही बहुधा कौलांना पुरत नाही, आणि कमी उतारावर कौल कितीही चांगले असले तरी गळणारच. तपासणीचे पैसे देणे टाळून हे काम सुरू करणाऱ्यांची पत्रे आमच्याकडे येतात, ती वाकलेल्या वाशांविषयी.

प्रश्न : कारागीर कसबी आहे की नाही, हे काम देण्यापूर्वी कसे ओळखावे? आणि पैसे कोणत्या टप्प्यांनी द्यावेत?

उत्तर : त्याने नुकतेच केलेले काम पाहण्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे पाहावे; नवे छप्पर कोणाचेही सुरेख दिसते. घराच्या एका कोपऱ्यापाशी उभे राहून वळचणीची ओळ डोळ्यांनी सरळ धरावी, मग खालून वर कौलांच्या उभ्या ओळी पाहाव्यात. घळीजवळच्या कापणीची कड एका रेषेत आहे का, की तुकडे जमेल तसे कोंबले आहेत? छोटे त्रिकोणी तुकडे मसाल्याने चिकटवलेले दिसले तर तो कारागीर मोजणीत कमी पडला असे समजावे. जाणता माणूस दोन ओळी आधीपासून अंतर थोडे थोडे सरकवत येतो, किंवा दीडपट रुंदीचे कौल मागवून ते कापतो, म्हणजे तुकडा धरण्याइतका मोठा राहतो. कौल कापताना तो काय करतो तेही पाहावे. कोरड्या चकतीने कापल्यावर उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते. पाणी लावून कापणारा आणि तोंडाला योग्य मुखवटा बांधणारा कारागीर उरलेल्या कामातही बहुधा तसाच काळजीचा असतो. त्याची चाल पाहिली तरी बरेच कळते: सवयीचा माणूस आढ्याला अडकवलेल्या शिडीवरून फिरतो, आणि कौलावर पाय द्यावाच लागला तर खाली रीप असलेल्या जागी देतो, पोटावर कधीच देत नाही.

पैशांचा मुख्य टप्पा कौले चढण्यापूर्वी ठेवावा. वाशांवर आवरण, रिपा आणि घळीचे पत्रे बसले की काम एक दिवस थांबवावे, करारात लिहिलेले लाकूड, पत्र्याची जाडी आणि खिळे प्रत्यक्ष तपासावेत, प्रत्येक घळीची छायाचित्रे घ्यावीत आणि मगच तो हप्ता द्यावा. करारात ही थांबण्याची अट आधीच लिहिलेली असावी, नाहीतर परांचीचे भाडे कोणी भरायचे यावर वाद होतो. पुढचा हप्ता पाखी पूर्ण झाल्यावर आणि थोडी रक्कम पहिला मोठा पाऊस पडून जाईपर्यंत राखून ठेवावी. उरलेली अखंड कौले कंत्राटदाराला परत नेऊ देऊ नयेत. त्याच खेपेची शंभरएक कौले आणि आढ्याची चार-सहा कौले कोरड्या जागी उभी रचून ठेवावीत, कारण काही वर्षांनी एखादे फुटले तर नेमक्या त्याच मापाचे कौल कारखान्यातही मिळेलच असे नाही.